मेशच्या आकड्यापलीकडे: ज्वलन-संश्लेषणासाठी घेतलेल्या पावडर-प्रतवारी सेवेचे परीक्षण

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत धातूंच्या आणि ऑक्साइडांच्या पावडरी चाळून, कणांच्या आकारानुसार त्यांची प्रतवारी करून आणि प्रत्येक लॉटसोबत कणमापनाचा अहवाल जोडून देणारा एक लहान कारखाना आहे. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत टायटॅनियम कार्बाइड आणि ॲल्युमिना (ॲल्युमिनिअम ऑक्साइड) यांचे सिरॅमिक संमिश्र ज्वलन-संश्लेषणाने तयार करण्याचे काम चालते, आणि त्यासाठी लागणाऱ्या ॲल्युमिनिअम, टायटॅनियम डायऑक्साइड व कार्बन ब्लॅक (काजळीसारखा बारीक कार्बन) या तिन्ही पावडरी गेल्या काही काळापासून आम्ही येथूनच घेत आहोत. या सेवेबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले, कारण या पद्धतीत प्रयोग तडीस जाणार की अर्ध्यावर विझणार हे बऱ्याच अंशी कणांच्या आकारावर ठरते आणि आजवर ज्या पुरवठादारांशी आमचा संबंध आला, त्यांपैकी बहुतेकांकडे पिशवीवर छापलेल्या मेशच्या, म्हणजे चाळणीच्या नंबराच्या, आकड्याखेरीज त्याबद्दल सांगण्यासारखे काही नव्हते. कारखान्याचे नाव येथे दिलेले नाही. पुढे गुणांबरोबर उणिवाही सांगितल्या आहेत, आणि ज्या बाबी आम्ही तपासल्या त्या कोणत्याही पुरवठादाराकडे मागता येण्यासारख्या आहेत.

ज्यांना ही पद्धत नवी आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. घन पदार्थांचे मिश्रण दाबून त्याची पेलेट करावी, तिच्या एका टोकाला क्षणभर तीव्र उष्णता द्यावी, आणि मग अभिक्रियेने स्वतःच्याच उष्णतेवर पुढे सरकत जाऊन मागे सिरॅमिक पदार्थ सोडावा, ही घटना 1967 मध्ये मॉस्कोजवळच्या चेर्नोगोलोव्का येथे मेर्झानोव, बोरोविन्स्काया आणि श्किरो यांनी उजेडात आणली. रेल्वेचे रूळ जोडताना वापरले जाणारे थर्माइट हे याच कुळातले, पण त्याहून जुने. आमच्या मिश्रणात ॲल्युमिनिअम टायटॅनियम डायऑक्साइडमधील ऑक्सिजन काढून घेते आणि मोकळे झालेले टायटॅनियम कार्बनशी संयोग पावते. 100 ग्रॅम मिश्रणात 62.5 ग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइड, 28.1 ग्रॅम ॲल्युमिनिअम आणि 9.4 ग्रॅम कार्बन घेतला, तर अभिक्रिया पूर्ण झाल्यावर सुमारे 47 ग्रॅम टायटॅनियम कार्बाइड आणि 53 ग्रॅम ॲल्युमिना मिळतो. कठीण केलेल्या पोलादाचे भाग लेथवर कापण्यासाठी जे काळे सिरॅमिक इन्सर्ट वापरतात, ते याच दोन पदार्थांचे असतात. त्यांत टायटॅनियम कार्बाइडचे प्रमाण साधारण 30 टक्क्यांच्या आसपास ठेवलेले असते. वाळूजसारख्या वाहनांच्या सुट्या भागांच्या पट्ट्यात त्यांची गरज किती आहे, हे वेगळे सांगायला नको.

आता कणांच्या आकाराचा प्रश्न आमच्या मिश्रणात एवढा नाजूक का होतो, ते पाहू. ज्वलनलहर स्वतःच्या बळावर टिकावी यासाठी अभिक्रियेचे सैद्धांतिक कमाल तापमान, म्हणजे उष्णता बाहेर अजिबात गेली नाही असे धरून काढलेले तापमान, साधारण 1800 केल्विनच्या वर असावे लागते, असा या क्षेत्रातला अनुभवसिद्ध नियम आहे. टायटॅनियम आणि कार्बन थेट एकत्र आले तर हे तापमान 3200 केल्विनच्या आसपास जाते, त्यामुळे तेथे भरड कण किंवा सैल मिश्रण बऱ्यापैकी खपून जाते. आमच्या तीन घटकांच्या मिश्रणात मात्र ते 2300 ते 2400 केल्विनच्या घरातच राहते, कारण टायटॅनियम डायऑक्साइड फोडण्यातच बरीच उष्णता खर्ची पडते. हाताशी शिल्लक इतकी कमी असताना अभिक्रिया रेंगाळली, तर तेवढ्या वेळात उष्णता पेलेटच्या पृष्ठभागातून निसटते आणि लहर थांबते. आणि अभिक्रिया रेंगाळण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे भरड कण.

घन अवस्थेत दोन पदार्थ फक्त स्पर्शाच्या जागीच एकमेकांना भेटतात. 45 मायक्रॉन व्यासाच्या गोल ॲल्युमिनिअम कणांचे पृष्ठफळ ग्रॅममागे 0.05 चौरस मीटरच्या आसपास भरते. तोच व्यास 5 मायक्रॉनवर आणला की ते नऊ पटींनी वाढून 0.44 चौरस मीटर होते. ॲल्युमिनिअम 660 अंश सेल्सिअसला वितळते हे खरे, आणि वितळलेला धातू आजूबाजूच्या बारीक कणांमध्ये केशाकर्षणाने पसरतो हेही खरे, परंतु त्यापुढे अणूंना तयार झालेल्या उत्पादिताच्या थरातून विसरणाने वाट काढावी लागते आणि ती वाट कणाच्या आकारमानाप्रमाणे लांबत जाते. विसरणावर अवलंबून असलेल्या आदर्श प्रतिमानात ज्वलनलहरीचा वेग कणाच्या व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे व्यास निम्मा केला की वेग दुप्पट व्हावा. प्रत्यक्षात वाढ त्याहून कमी मिळते, कारण बारीक कणांचे गठ्ठे होतात, त्यांच्यावरील ऑक्साइडचा वाटा वाढतो आणि उष्णतेची गळती तर चालूच असते.

हे सगळे या कारखान्याच्या पावडरींच्या बाबतीत कसे दिसले, ते सांगण्यासारखे आहे. आम्ही ॲल्युमिनिअमच्या तीन प्रती मागवल्या: 75 ते 150 मायक्रॉनची भरड, 45 मायक्रॉनखालची मध्यम आणि 20 मायक्रॉनखालची बारीक. बाकी दोन घटक, पेलेटचा व्यास आणि दाबल्यानंतरची घनता हे सर्व सारखेच ठेवले. घनतेचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण ती फार वाढवली तर मिश्रणाची उष्णतावाहकता वाढते आणि पुढच्या थराला पेटवण्याआधीच उष्णता पांगते. सैद्धांतिक घनतेच्या 55 ते 60 टक्के हा पट्टा आम्हाला सोयीचा पडला. पेटवण्यासाठी वर टायटॅनियम-कार्बनचा पातळ थर, त्यावर टंगस्टनचे वेटोळे, आणि भोवती आर्गॉन.

भरड प्रतीत वरचा थर झगझगीत पेटला, लहर थांबत-थांबत थोडी खाली आली आणि विझली. थंड झाल्यावर पेलेट फोडली तेव्हा वरचा भाग काळसर करडा आणि खालचा भाग मूळच्या मिश्रणाच्या फिकट करड्या रंगाचा होता. दोहोंच्या सीमेवर वितळून बाहेर आलेल्या ॲल्युमिनिअमचे टाचणीच्या टोकाएवढे चकचकीत मणी चिकटलेले होते. जळलेल्या भागात भिंगाखाली गोलसर पोकळ्या दिसल्या आणि त्यांचा आकार साधारण मूळ ॲल्युमिनिअम कणांएवढाच होता: कण वितळला, भोवतालच्या बारीक पावडरीने तो शोषून घेतला आणि त्याची जागा रिकामी राहिली. ज्यांना उत्पादितातील छिद्रे कमी हवी आहेत त्यांनी हा धागा लक्षात ठेवावा, कारण भरड धातूने पाडलेली पोकळी नंतर तापवून भरून काढणे कठीण असते.

मध्यम प्रतीत लहर शेवटपर्यंत गेली, पण सरळ नाही. खिडकीतून पाहताना एक तेजस्वी ठिपका पेलेटच्या भोवती फिरत-फिरत खाली उतरताना दिसत होता आणि त्याच्या मागे पृष्ठभागावर तिरप्या पट्ट्यांची खूण उरली. ज्वलनलहर टिकण्याच्या सीमेजवळ असली की ती अशी सर्पिल चालते, हे शास्त्रीय साहित्यात चांगले नोंदलेले आहे. बारीक प्रतीने मात्र अपेक्षेप्रमाणे काम केले: लहर सपाट, तिचा वेग स्थिर, आणि क्ष-किरण विवर्तनात, म्हणजे नमुन्यात कोणती संयुगे आहेत हे दाखवणाऱ्या चाचणीत, टायटॅनियम कार्बाइड व ॲल्युमिना या दोघांचीच ठळक शिखरे. मध्यम प्रतीच्या नमुन्यात टायटॅनियम-ॲल्युमिनिअम संयुगांची लहान शिखरे शिल्लक होती, म्हणजे सर्व टायटॅनियमला कार्बन वेळेत भेटलेला नव्हता.

या तुलनेला अर्थ आहे तो तिन्ही पिशव्यांत खरोखर सांगितलेल्याच आकाराचे कण असतील तरच, आणि नेमकी येथे या सेवेची किंमत कळते. बाजारात मिळणाऱ्या पिशवीवर “325 मेश” असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ एवढाच की पावडर 45 मायक्रॉनच्या चाळणीतून खाली गेली आहे. खाली गेलेल्यात 40 मायक्रॉनचे कण किती आणि 4 मायक्रॉनचे किती, याबद्दल तो आकडा काहीही सांगत नाही, जसे चाळणीतून पडलेल्या ज्वारीच्या पिठात कणी किती आणि धुळीसारखे पीठ किती हे चाळणीच्या नंबरावरून कळत नाही. पूर्वी दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेल्या, दोन्हीकडे “325 मेश” लिहिलेल्या पावडरी आम्ही या कारखान्यात लेसर-विवर्तनाने मोजून घेतल्या, तेव्हा एकीचा मध्यक आकार दुसरीच्या जवळजवळ दुप्पट निघाला. लहरीच्या वेगातला जो फरक आम्ही मिश्रण करण्यातल्या हलगर्जीपणावर ढकलत होतो आणि ज्यासाठी विद्यार्थ्यांना पुन्हा-पुन्हा मिश्रण करायला लावत होतो, त्याचे मूळ पिशवीतच होते.

हा कारखाना अहवालात तीन आकडे देतो: ज्या व्यासाखाली आकारमानाने 10, 50 आणि 90 टक्के पावडर येते ते तीन व्यास, आणि सोबत संपूर्ण वितरणाचा आलेख. आलेख पाहणे आवश्यक आहे, कारण दोन उंचवटे असलेल्या, म्हणजे भरड व बारीक यांच्या सरमिसळीच्या पावडरीचाही मध्यक दिसायला नीटनेटका असू शकतो. ॲल्युमिनिअमचे मापन ते पाण्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये करतात, ही लहान वाटणारी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बारीक ॲल्युमिनिअमची पाण्याशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि बुडबुडेही कण म्हणून मोजले जाऊ शकतात. 20 मायक्रॉनखालची प्रत वेगळी काढताना हवेऐवजी नायट्रोजनचा प्रवाह वापरला जातो. बारीक ॲल्युमिनिअमची धूळ हवेत तरंगत असताना एखादी ठिणगीही स्फोटाला पुरते, म्हणून ही काळजी घेणाऱ्या कारखान्याबद्दल विश्वास वाटतो.

अहवालासोबत सूक्ष्मदर्शकाचे एक छायाचित्रही मिळते आणि त्याची खरी गरज आम्हाला पापुद्र्यांच्या ॲल्युमिनिअमच्या बाबतीत पटली. रंगासाठी बनवलेले ॲल्युमिनिअम कुटून चपटे केलेले असते. त्याचे पापुद्रे रुंदीला 20-30 मायक्रॉन असले तरी जाडीला अनेकदा एक मायक्रॉनही नसतात, आणि लेसर-यंत्र प्रत्येक कणाला गोल समजून आकडा देते. त्यामुळे कागदावर सारख्या दिसणाऱ्या दोन पावडरींपैकी पापुद्र्यांची पावडर कितीतरी लवकर पेटते. शिवाय कुटताना कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून स्टिअरिक आम्ल वापरलेले असते. त्याचा लेप तापल्यावर वायुरूप होतो आणि पेलेटला आडव्या भेगा पाडतो. ज्वलन-संश्लेषणासाठी वितळलेला धातू फवारून बनवलेली पावडरच मागावी, आणि ती तशी आहे का हे छायाचित्रात पाहून घ्यावे.

उणिवांकडे वळतो. टायटॅनियम डायऑक्साइड आणि कार्बन ब्लॅक यांचे अहवाल ॲल्युमिनिअमच्या अहवालाइतके उपयोगी नाहीत. रंगासाठी वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचा मूळ कण 0.2 ते 0.3 मायक्रॉनचा असतो, पण अहवालात काही मायक्रॉनचा आकडा येतो, कारण यंत्राने मोजलेले असतात ते गठ्ठे. कार्बन ब्लॅकच्या बाबतीत ही तफावत त्याहून मोठी आहे. तेथे मूळ कण काही दशक नॅनोमीटरचे असतात. मापनाआधी ध्वनितरंगांनी गठ्ठे किती वेळ फोडले, हे अहवालावर नोंदवलेले नसते, त्यामुळे दोन लॉटांची तुलना करता येत नाही. ही नोंद घालायला एक ओळ पुरेल. कार्बनचे गठ्ठे मिश्रणात तसेच राहिले तर टायटॅनियम त्यांच्या बाहेरच्या भागाशीच संयोग पावते आणि आतला कार्बन कोरा राहतो, म्हणून येथे मूळ कणापेक्षा गठ्ठ्याचाच आकार निर्णायक ठरतो. मग तो नेमका कोणत्या स्थितीत मोजला, हे सांगणे पुरवठादाराचे काम आहे.

दुसरी तक्रार दळण्याबद्दलची आहे. गठ्ठे फोडून मिश्रण करून देण्याची सोय हा कारखाना बॉल मिलमध्ये करतो, परंतु वेगळे सांगितले नाही तर पोलादी भांडे आणि पोलादी गोळे वापरले जातात. अशा एका लॉटवर पॉलिथिनच्या पिशवीबाहेरून चुंबक फिरवला तेव्हा आतल्या बाजूला बारीक करडे केस उभे राहिले. ते लोखंड होते. झिर्कोनियाचे गोळे मागितल्यावर त्यांनी विनातक्रार दिले आणि तो लॉट परतही घेतला, तरी सिरॅमिकसाठी आलेल्या मालाला पोलाद लावायचेच नाही, असा नियम त्यांनी करायला हवा. ॲल्युमिनिअम मिसळलेले संपूर्ण मिश्रण मात्र बाहेर दळून घेऊ नये, कोणी तयारी दाखवली तरी. दळताना कण ताणले जातात, ऑक्साइडचा थर फाटतो आणि पेटण्याचे तापमान उतरते. असे सक्रिय झालेले मिश्रण पिशवीत भरून रस्त्यावरून नेणे धोक्याचे आहे. आम्ही टायटॅनियम डायऑक्साइड आणि कार्बन तेवढे दळून आणतो आणि ॲल्युमिनिअम प्रयोगशाळेत हलक्या हाताने मिसळतो.

काही संशोधक विद्यार्थी या कारखान्याकडे नॅनो आकाराचे ॲल्युमिनिअम मागतात आणि ते मिळत नाही म्हणून नाराज होतात. मला ही नाराजी योग्य वाटत नाही. ॲल्युमिनिअमच्या प्रत्येक कणावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर असतोच. 20 मायक्रॉनच्या कणात तो नगण्य असतो, पण 50 नॅनोमीटरच्या कणावर 3 नॅनोमीटरचा थर धरला तर वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग आधीच ऑक्साइड झालेला असतो. म्हणजे वजन करून घातलेल्या ॲल्युमिनिअमचा तेवढा भाग उष्णता देत नाही, उलट शोषून घेतो, आणि सगळे प्रमाण बिघडते. शिवाय नॅनो ॲल्युमिनिअम आणि धातूंची ऑक्साइडे यांची काही सैल मिश्रणे सेकंदाला शेकडो मीटर वेगाने जळतात. आपल्या कामातली लहर सेकंदाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर चालावी एवढीच अपेक्षा असते. महाविद्यालयीन प्रयोगशाळेसाठी 5 ते 20 मायक्रॉनचा पट्टा पुरेसा आहे, आणि तोच हा कारखाना चांगला सांभाळतो.

बांधणीबद्दल समाधान आहे. ॲल्युमिनिअमची पावडर पत्र्याच्या डब्यात येते, आत दुहेरी पिशवी, आणि डब्यावर पाण्यापासून दूर ठेवण्याची व आग लागल्यास कोरडी वाळूच वापरण्याची सूचना मराठीत छापलेली असते, जी प्रयोगशाळेतील सहायकालाही वाचता येते. कार्बन ब्लॅकची पिशवी मात्र साधी असते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याने फरक पडत नाही, पण पाऊस सुरू झाला की कार्बन दमट होतो आणि तो न वाळवता वापरला तर वाफेने पेलेट फुगते. पावसाळ्यातला माल 110 ते 120 अंशांवर वाळवूनच मिश्रणात घ्यावा लागतो.

प्रत केलेल्या पावडरीचा दर साध्या पावडरीपेक्षा बराच जास्त आहे आणि अहवालाचे पैसे वेगळे पडतात, तरी वाया जाणाऱ्या पेलेटांचा आणि वेळेचा हिशेब केला तर तो परवडतो. शंभर-दोनशे ग्रॅमची मागणीही ते घेतात, ही गोष्ट लहान महाविद्यालयांसाठी मोलाची आहे. ॲल्युमिनिअम पावडर धोकादायक माल म्हणून गणली जाते, त्यामुळे ती साध्या कुरिअरने पाठवण्यास ते नकार देतात, आणि ते बरोबरच आहे. परंतु नांदेड, लातूर किंवा धाराशिवच्या संशोधकाला त्यामुळे स्वतः चिकलठाण्यापर्यंत यावे लागते, आणि असा डबा एस. टी. बसमधूनही नेऊ नये. महिन्यातून एकदा योग्य परवानगीच्या वाहनाने या गावांकडे माल पाठवण्याची सोय झाली तर अनेकांची अडचण दूर होईल.

अहवालात मला आणखी एक आकडा हवा आहे: पावडरीतील सक्रिय ॲल्युमिनिअमचे प्रमाण. कणांचा आकार कितीही अचूक असला तरी जुन्या किंवा दमट झालेल्या मालात धातू किती उरला आहे हे त्यावरून समजत नाही. तूर्त आम्ही ते प्रयोगशाळेतच काढतो. 0.1 ग्रॅम पावडरीवर सोडिअम हायड्रॉक्साइडचे द्रावण सोडले की शुद्ध ॲल्युमिनिअमपासून 0 अंश सेल्सिअस आणि 1 वातावरण दाबाला सुमारे 124 मिलिलिटर हायड्रोजन निघायला हवा. मिळालेले आकारमान त्या तापमान-दाबाला आणून जेवढे कमी भरेल, तेवढा धातू पावडरीत कमी आहे असे धरून मिश्रणातील ॲल्युमिनिअमचे वजन वाढवून घेतो. हे काम वाऱ्याशीर जागी, जवळपास ज्योत नसताना आणि प्रत्येक नवा डबा उघडल्यावर लगेच करावे.